वाचकांचे प्रश्न : मगरीने नऊच का खाल्ला?

गेल्या अंकात मी सहज लिहून गेले होते की पहिलीच्या मुलांना लहान-मोठी संख्या शिकवायची तर आठवडाभर वही कपाटात ठेवा आणि पोरांबरोबर खेळा, बस एवढंच एक वाक्य, आणि त्यावर एवढी पत्रं आणि व्हॉट्सअ‍ॅप आले की या वेळचं अख्खं पान त्यालाच द्यायचं ठरवलं. बाकीचे प्रश्न, म्हणजे डबा न खाणं, मोबाईल, पालक मीटिंगला नवऱ्याला कसं पाठवायचं वगैरे, पुढच्या अंकात घेते, रागावू नका. नावं नेहमीसारखी कुणाचीच छापत नाहीये.

प्रश्न : बाई, नमस्कार. मी पहिली-दुसरी एकत्र घेते. > आणि < शिकवताना मगरीची गोष्ट सांगते, मगरीला भूक लागलेली असते म्हणून ती मोठा आकडा खाते. मुलांना गोष्ट भयंकर आवडते, चिन्हाला दात काढतात, डोळे काढतात, पण पेपरात निम्म्यांची चिन्हं उलटी. आणि गंमत म्हणजे तोंडी विचारलं की कुठला मोठा तर बरोबर सांगतात! माझं काय चुकतंय? – एक शिक्षिका, फोंडा तालुका

उत्तर : तुमचं नाही हो, चुकतंय ते मगरीचं. मगर तशी आपल्या घरचीच, गोव्यात कुंभारजुव्याच्या कालव्यात खऱ्याखुऱ्या पसरलेल्या असतात आणि खाडीकाठच्या खाजन शेतीच्या काही गावांत पौष अमावास्येला चिखलाची मगर करून तिची पूजा घालतात, मानगें थापणी म्हणतात तिला, त्यामुळे आपल्या पोरांना मानगें म्हणजे काय ते वेगळं सांगायला लागत नाही. गोष्ट जमते ती म्हणूनच. पण गोष्ट संपल्यावर डोक्यात मगर उरते, संख्या उरत नाही. मी एकदा एका पोराला विचारलं, बाबा रे मगरीने नऊच का खाल्ला, तर म्हणाला, "तिका भूक लागिल्ली." आता याला चूक तरी कसं म्हणायचं!

दुसरी भानगड आपल्या भाषेची आहे आणि ही लक्षात यायला मला नोकरीची वीसेक वर्षं लागली. आपण चिन्हाचं नाव काय सांगतो? 'पेक्षा मोठा'. मग समोर ७ > ३ आलं की पोर डावीकडून बोट ठेवत वाचत जातं : सात... पेक्षा मोठा... तीन. सातपेक्षा मोठा तीन! म्हणजे चिन्ह बरोबर, वाचन बरोबर आणि अर्थ साफ उलटा. इंग्रजीत तो शब्द वाक्याच्या मधेच येतो, चिन्ह असतं तिथेच, त्यामुळे त्यांना हा त्रास नाही, पण आपण म्हणतो 'सात तीनपेक्षा मोठा', कोंकणीतही 'सात तिनांपरस व्हड', मोठा हा शब्द येतो शेवटी. मग जे पोर जरा विचार करणारं असतं ते काय करतं, तर वाक्य खरं व्हावं म्हणून चिन्हच फिरवून टाकतं. तुमच्याकडच्या उलट्या चिन्हांतली बरीचशी इथूनच आली असणार असं मला वाटतं, खात्री करून घ्या, उलटं लिहिणाऱ्या एखाद्याला जवळ बसवा आणि बोट ठेवून मोठ्याने वाच म्हणावं. उपाय साधा आहे. चिन्हाला नुसतं 'मोठा' म्हणायचं. सात मोठा, तीनपेक्षा. बोलताना आपण असं बोलतोच की, 'दादा मोठा, माझ्यापेक्षा'. आणि < ला नुसतं 'लहान'. तीन लहान, सातपेक्षा.

आता मगर नको तर चिन्ह आणायचं कुठून? शिंपल्या घ्या, तिसऱ्यांच्या, धुऊन उन्हात वाळवलेल्या, आपल्याकडे त्यांना काय तोटा. (काजूबिया मात्र नको, सालीतला चीक हाताला लागतो आणि पोरं तेच हात तोंडाला लावतात, फोड येतात.) जमिनीवर खडूने एक आडवी रेघ मारा. रेघेच्या डाव्या टोकाला सात शिंपल्यांचा माड करा, म्हणजे रेघेपासून वर वर एकापुढे एक सात शिंपल्या सरळ ओळीत मांडायच्या, आणि उजवीकडे हातभर अंतर सोडून तीन शिंपल्यांचा माड. मग सारणीचे, म्हणजे खराट्याचे, दोन लांब हीर घ्यायचे. एक हीर दोन्ही माडांच्या बुंध्याला टेकवून ठेवायचा, दुसरा दोन्ही शेंड्यांना टेकवून. आणि मागे सरून बघायचं. सातकडे हिरांमधलं अंतर मोठं, तीनकडे कमी कमी होत गेलेलं, आणि हीर पुरेसे लांब असले तर पुढे जाऊन एकमेकांना भेटतात, टोक तयार होतं. चिन्ह आपोआप पडलं, कुणाला भूक लागावी लागली नाही! मग तीनच्या माडाला एक-एक शिंपली वाढवत न्या, वरचा हीर प्रत्येक वेळी थोडा थोडा आडवा होतो, आणि सात-सात झाले की दोन्ही हीर रुळांसारखे समांतर. ते बरोबरचं चिन्ह. हे बघताना वर्गात एक क्षण असा येतो की सगळी पोरं गुडघ्यावर रांगत पुढे येतात, तेव्हा तुम्ही काहीही बोलू नका.

जाता जाता, बरोबरचं चिन्ह खरंच असंच जन्मलंय, रॉबर्ट रेकॉर्ड नावाच्या वेल्सच्या माणसाने १५५७ साली दोन समांतर रेघा मारल्या कारण त्याच्या मते त्याहून सारख्या दोन गोष्टी जगात नाहीत. आणि > < ही चिन्हं छापून आली ती १६३१ मध्ये, थॉमस हॅरियटच्या पुस्तकात, तेही तो वारल्यावर दहा वर्षांनी. त्याआधी हजारो वर्षं माणसं लहान-मोठं ओळखून बाजारहाट करतच होती, तेव्हा सहा वर्षांच्या पोराला चिन्ह दोन महिने उशिरा आलं तर काही बुडत नाही. केंद्र सरकारच्या निपुण भारत अभियानाच्या उद्दिष्टांत पहिलीअखेर ९९ पर्यंतचे आकडे वाचता-लिहिता यावेत असं आहे, त्यातला 'वाचता' म्हणजे नुसता उच्चार नव्हे एवढं आपण धरून चाललं म्हणजे झालं.

तुमचे दोन वर्ग एकत्र आहेत म्हणून एक खेळ. जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर ० ते ९ चे पत्ते करा, दोन-तीन संच. पहिलीवाले दोघं-दोघं बसतात, गठ्ठा पालथा, दोघांनी एकदम एक-एक पत्ता उलटायचा, मोठा ज्याचा त्याने दोन्ही घ्यायचे, सारखे आले तर पुन्हा. (हा भिकार-सावकार नव्हे, त्यात जुळवायचं असतं, इथे तोलायचं.) दुसरीवाल्यांसाठी तोच गठ्ठा पण पुढ्यात दोन घरं आखलेली, दशक आणि एकक. पहिला पत्ता आला की दुसरा बघायच्या आधीच ठरवायचं, हा कुठे ठेवू? समजा सहा आला. दशकात ठेवावा की आणखी मोठ्याची वाट बघावी? इथे पोरांचे चेहरे बघण्यासारखे होतात. मी बघितलंय, तीन दिवस सगळे पहिला पत्ता डोळे झाकून दशकात टाकतात, चौथ्या दिवशी कुणीतरी दोन आल्यावर तो गुपचूप एककात सरकवतो आणि जिंकतो, आणि पाचव्या दिवसापासून सगळा वर्ग तसंच करतो, स्थानिक किंमत शिकवायला मला फळा लागला नाही. मधून मधून नाणं उडवून ठरवायचं की आज मोठा जिंकणार की लहान. हे डाव सुरू व्हायच्या आधी सांगा, नाहीतर भांडणं.

प्रश्न : माझा मुलगा साडेचार वर्षांचा आहे, शंभरपर्यंत आकडे घडाघडा म्हणतो, पाहुणे आले की आम्ही म्हणायला लावतो. पण परवा पाच चिंचोके लांब लांब मांडले आणि सात चिंचोके जवळ जवळ, तर पाच जास्त म्हणाला! मोजूनसुद्धा! मला तर धक्काच बसला. डॉक्टरकडे न्यायला हवं का? – एक आई, डिचोली

उत्तर : नका हो नेऊ, डॉक्टर हसतील. या वयाची बहुतेक मुलं हेच सांगतात. ज्याँ पियाजे या स्विस माणसाने हे फार पूर्वी तपासून ठेवलंय, दोन सारख्या ओळी मांडायच्या, मग मुलाच्या डोळ्यांसमोरच एक ओळ पसरवायची आणि विचारायचं, आता? पोर म्हणतं ही जास्त. सहा-सात वर्षांच्या आसपास ते हळूहळू सुटतं. तुमच्या मुलाला 'जास्त' म्हणजे 'लांब' वाटतंय, एवढंच. आणि शंभरपर्यंत म्हणणं ही आरतीसारखी गोष्ट आहे, पाठ असते, त्यातल्या सत्तावनला तो कधी भेटलेला नसतो. पाहुण्यांसमोर आकडे म्हणायला लावणं बंद करा असं मी सांगणार नाही, आजी-आजोबांना तेवढा आनंद असू दे, पण त्याला गणित समजू नका.

घरी करायचं काय? मोजण्याच्या आधी जोड्या लावणं. पोदेर सकाळी पाव टाकून गेला की विचारा, घरात माणसं जास्त की पाव? मोजू नको, वाटून बघ. एकेकाच्या ताटलीत एकेक उंडा, एक उंडा उरला, म्हणजे पाव जास्त. चतुर्थीला गणपतीच्या वर फळाफुलांची माटोळी बांधतात तेव्हा तर बघायलाच नको, इकडे चार तोरिंजनं लटकलीत, तिकडे सहा सुपारीचे घोस, या टोकाला जास्त की त्या टोकाला, खालून बोट दाखवत जोड्या लावता येतात. चिंचोक्यांचंही तसंच करा, लांब मांडलेल्या पाचांतला एक त्याने उचलायचा आणि जवळच्या सातांतला एक तुम्ही, दोघांनी एकदम, डब्यात टक्-टक्, त्याचे संपतात आणि तुमचे दोन उरतात. हे तुम्ही बोलून समजावू नका, त्याला दिसू दे. दहा वेळा करावं लागेल कदाचित. करा.

दुसरा खेळ मला सगळ्यात आवडतो आणि त्याला खर्च शून्य. सोप्यावर खडूने दहा घरं एका सरळ रेघेत काढा, डावीकडून १ ते १०. एक पुठ्ठ्याचा चौकोनी फासा, त्यावर फक्त १ आणि २ लिहिलेलं. बूच पुढे सरकवत जायचं, दहाला पोचला तो जिंकला. फक्त एक नियम पाळा, पाचवर असताना दोन पडले तर 'एक, दोन' म्हणायचं नाही, 'सहा, सात' म्हणायचं. हा नियमच अख्खा खेळ आहे. अमेरिकेत रॉबर्ट सिग्लर आणि गीता रमणी यांनी चार-पाच वर्षांच्या गरीब घरांतल्या मुलांना साधारण असाच खेळ दोन आठवड्यांत चार वेळा, पंधरा-पंधरा मिनिटं खेळायला दिला, २००८ साली ते छापून आलं, आणि कुठला आकडा मोठा हे ती मुलं आधीपेक्षा बरीच चांगली सांगायला लागली. ज्यांना तसाच पण आकड्यांऐवजी रंगांचा पट दिला होता त्यांच्यात फरक पडला नाही. पुढे त्यांनी गोल पटही करून बघितला, तो सरळ पटाएवढा उपयोगी पडला नाही. कारण उघड आहे, सरळ पटावर आठ तीनपेक्षा लांब असतो, जास्त वेळ सरकवावा लागतो, जास्त आकडे तोंडाने म्हणावे लागतात, मोठेपण हाताला, डोळ्याला, तोंडाला तिन्हीकडून कळतं. म्हणून साप-शिडी एवढ्यात नको. तिच्यात दहानंतर अकरा वरच्या मजल्यावर जाऊन उलट्या दिशेने पळतो, आणि सापाने गिळलं की नव्व्याण्णवचा एकदम खाली, या वयाला ते फार होतं.

प्रश्न : माझा नातू इंग्रजी शाळेत पहिलीत आहे, संध्याकाळी मी त्याला मराठी अंक शिकवतो. परवा मी १ आणि ४ लिहून विचारलं कुठला मोठा, तो म्हणाला १. मी म्हटलं नीट बघ. पुन्हा १. तसंच एकोणतीस सांगितलं की एकतीस लिहितो, पंचवीस सांगितलं की ५२ लिहितो. सून म्हणते तुम्हीच त्याचा घोळ करता. – एक आजोबा, पेडणे

उत्तर : आजोबा, तुम्ही दोघंही बरोबर आहात आणि नातू तर सगळ्यात जास्त बरोबर! तुमचा मराठी १ त्याला कसा दिसतो ते एकदा त्याच्या बाजूला बसून बघा. इंग्रजी नऊ. आणि मराठी ४? इंग्रजी आठ. त्याच्या डोळ्याने नऊ आणि आठ बघितले आणि नऊ मोठा म्हणून सांगितलं, त्याची तुलना शंभर टक्के बरोबर आहे, फक्त आकडे दुसऱ्याच गावचे. सून म्हणते त्यात एवढंच तथ्य की एका बैठकीला एकच लिपी ठेवा. तुम्ही मराठी लिहिणार तर पाटीच्या कोपऱ्यात आकड्याशेजारी तेवढे ठिपके काढून ठेवा, म्हणजे १ पाशी एक ठिपका, ४ पाशी चार. ठिपक्यांना लिपी नसते. ३ आणि ६ ची पण काळजी घ्या, आपले ते दोन आरशातल्यासारखे एकमेकांकडे तोंड करून बसलेत, ते एकाच दिवशी शिकवू नका.

आता एकोणतीस. यात नातवाचा काही दोष नाही, मराठी संख्यानावं आहेतच अवघड. आपण एकक आधी बोलतो आणि दशक नंतर, पंच-वीस, आणि लिहितो मात्र दशक आधी, म्हणून तो ऐकल्या क्रमाने ५ आणि मग २ लिहितो. एकोणीस, एकोणतीस, एकोणचाळीस हे तर वजाबाकीचे शब्द, तीसला एक उणा, पण कानाला ऐकू येतं 'तीस', आणि सुरुवातीला 'एक', मग एकतीस न लिहून करतो काय बिचारा. महाराष्ट्रात २०१९ मध्ये बालभारतीने दुसरीच्या गणितात 'वीस एक, वीस दोन' असं वाचन दिलं होतं त्याची आठवण असेल तुम्हाला, केवढा गदारोळ झाला, थट्टा झाली, विधानसभेपर्यंत गेलं. पुस्तकाच्या समितीवर गणितज्ञ मंगला नारळीकर होत्या, त्या समजावून समजावून दमल्या असतील. मला विचाराल तर शिकवताना दोन्ही ठेवावं, पंचवीस हे नाव आणि वीस-पाच हा त्याचा पत्ता. बाजारात पंचवीसच म्हणायचं, पाटीवर लिहिताना मनात वीस-पाच म्हणायचं.

खेळ हवाच असेल तर सारणीच्या हिरांचे दहा-दहाचे जुडगे बांधा रबराने, आठ-नऊ जुडगे आणि वर थोडे सुटे. तुम्ही म्हणा एकोणतीस. त्याने तीन जुडगे घ्यायचे आणि एका जुडग्यातला एक हीर काढून तुमच्या हातात द्यायचा, म्हणजे तीसला एक उणा. मग ते जुडगं सुटलं, उरले दोन जुडगे आणि नऊ सुटे. तेव्हा लिहायचं २९. मग शेजारी एकतीसचे हीर मांडा. दोन नावं सारखी वाटली तरी ढीग सारखे दिसत नाहीत. त्याने सारखं-सारखं रबर सोडून तुमचे हीर विस्कटले तर विस्कटू दे, परत बांधणं हाच अभ्यास आहे.

आणि गाडीतून जाताना मैलाचे दगड वाचायला लावा. पणजीहून म्हापसा साधारण १३ किलोमीटर, मडगाव साधारण ३३. दोन्हीत तीन आहे, मग मडगाव एवढं लांब का? पहिली पाच मिनिटं तो काहीबाही बोलेल, ऐकून घ्या.

प्रश्न : आमच्या शाळेत स्मार्ट बोर्ड आलाय. त्यावर 'मोठी संख्या टच करा' असे गेम आहेत, फुगा फुटतो, टाळ्या वाजतात. मुलं खूश, हेडमास्तर खूश. मला मात्र शंका येते. – एक शिक्षिका, मडगाव

उत्तर : शंका बरोबर आहे. दोन फुगे असले की डोळे मिटून बोट लावलं तरी दहातले पाच फुटतात, आणि बाहेरून बघणाऱ्याला वाटतं अर्धं तरी येतंय. शिवाय एक पोर फळ्यापाशी आणि वीस बसलेली. बोर्ड टाकून देऊ नका, पण वापरायची पद्धत बदला. टच करायच्या आधी सगळ्यांनी पाटीवर उत्तर लिहून पाटी छातीशी धरायची, मग एकदम वर, मग एकाने कारण सांगायचं, आणि फुगा फुटणार तो सगळ्यात शेवटी. कोलोरॅडो विद्यापीठाच्या फेट प्रकल्पाचं 'नंबर कंपेअर' नावाचं सिम्युलेशन फुकट मिळतं, त्यात दोन्ही बाजूंना वस्तू वाढवता-कमी करता येतात आणि मधलं चिन्ह त्याप्रमाणे बदलतं, टाळ्या-बिळ्या नाहीत, म्हणून मला ते आवडतं. चिन्ह आता फिरणार का, कितव्या वस्तूला फिरणार, हे आधी वदवून घ्या. आणि नेट गेलं, जे पावसाळ्यात जाणारच, तर वर सांगितलेल्या शिंपल्या आहेतच.

एक बारीक गोष्ट, गेममध्ये ८ आणि ९ सुरुवातीलाच टाकतात. नका टाकू. मोयर आणि लँडॉअर यांनी १९६७ मध्ये दाखवलं की मोठ्या माणसांनासुद्धा जवळजवळचे आकडे तोलायला जास्त वेळ लागतो, २ आणि ९ पटकन, ८ आणि ९ जरा थांबून. आधी लांबच्या जोड्या द्या.

प्रश्न : वर्गात मोठा पत्ता ज्याचा तो जिंकला असा पत्त्यांचा खेळ घेतला पण एक मुलगी रोज हरते आणि रडते. ती हळू आहे. दोघं-तिघं मात्र कॉलर ताठ करून फिरतात. – एक शिक्षक, वाळपई

उत्तर : पत्त्यांत हळू असल्याने हरायला होत नाही, पत्ता नशिबाने येतो, तेव्हा आधी हे बघा की तुम्ही नकळत 'जो आधी ओरडेल त्याचे पत्ते' असं तर करून ठेवलं नाही ना. आपण मास्तर लोक हे फार करतो, मीही करायचे, आणि त्यात शर्यत होते, तुलना राहते बाजूला. ओरडायचंच नाही, पत्ता पडल्यावर दोघांनी आधी मांडीवर हात ठेवून तीन श्वास थांबायचं, असा नियम करा. ज्याचा पत्ता लहान आला त्याने बोलायचं, 'माझा चार, तुझ्या सातपेक्षा लहान'. म्हणजे हरणाऱ्याच्या तोंडी वाक्य आलं, जिंकणाऱ्याला नुसते पत्ते. महिनाभरात बघा कोणाचं गणित पुढे जातं ते.

दुसरं म्हणजे सगळ्यांनी मिळून माझ्याविरुद्ध खेळायचा खेळ घ्या. मी मनात १ ते १०० मधला आकडा धरते, वर्गाने ओळखायचा, मी फक्त 'मोठा' किंवा 'लहान' सांगणार. फळ्यावर लांब रेघ, तिच्या दोन टोकांना कपडे वाळत घालायचे दोन चिमटे, प्रत्येक उत्तरानंतर एक चिमटा आत सरकवायचा. आधी पोरं सतरा, नव्वद, दोन असं वाट्टेल ते सांगतात, मग कुणालातरी सुचतं की मधला विचारूया. दर वेळी अर्ध्यावर विचारलं तर सात प्रश्नांत कुठलाही आकडा सापडतोच, पण हे आधी सांगून टाकू नका. मी एका छोट्या शाळेत घेतला तेव्हा पन्नास विचारायची कल्पना कुणाची होती सांगू? सगळ्यात हळू म्हणून मागे बसवलेल्या एका पोरीची. बाकीचे आकडे फेकत होते आणि ती चिमट्यांकडे बघत बसली होती. तिला मी विचारलं, तुका कशें कळ्ळें? म्हणाली, "हांवें फकत मदीं पळयलें." मी फक्त मध्ये बघितलं.

हा 'तुका कशें कळ्ळें' प्रश्न मात्र चुकलं तरी विचारायचा आणि बरोबर आलं तरी विचारायचा. नुसतं चुकल्यावरच विचारलात तर दोन दिवसांत पोरं ओळखतात, टीचरने विचारलं म्हणजे उत्तर बदला.

प्रश्न : मुलगी दुसरीत आहे, मोठी-लहान संख्या आता येते. पुढे काय? रोज वही घेऊन बसायला मला वेळ नाही, शिफ्ट असते. – एक वडील, वास्को

उत्तर : वही नकोच. पुढचा प्रश्न एवढाच, 'कितीने मोठी?' आणि तो प्रश्न बाजारात न्या, सुट्टीच्या दिवशी मासळीला जाता ना, तिला बरोबर घ्या. एक बाई सांगते शंभराला पाच बांगडे, दुसरी सांगते शंभराला आठ. आठ पाचपेक्षा तीनने जास्त, हे ती सांगेल. मग विचारा, महाग कुठली? इथे बऱ्याच मुलांची गाडी अडते, कारण महाग म्हणजे मोठा आकडा असं डोक्यात बसलेलं असतं आणि इथे लहान आकडावाली महाग. घाई करू नका, भाव ठरवता ठरवता तिला विचार करू दे. माझ्या शेजारच्या मुलीला मी हेच विचारलं होतं, ती दोन्ही टोपल्यांत वाकून बघून आली आणि मला म्हणाली, "पाचवाले व्हडले आसात, आठवाले बारीक." म्हणजे मी विचारलेल्या प्रश्नात बांगड्यांचा आकार धरलाच नव्हता. आम्ही शेवटी पाचवाले घेतले.